पंचापकेशरावांचा ऊंजल

"मी मराठी बोलत नाहीं, बाई. मी तें राखतों." पंचापकेशरावांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. यजमानांची बँकेतून तंजावूरला बदली झाली आणि मला तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवण्याची तात्पुरती नोकरी मिळाली, त्या पहिल्या आठवड्यातली ही गोष्ट. कानांवर अखंड तमिळ पडून मी मराठीसाठी अगदी उपाशी झाले होते. स्टाफरूमच्या दारात पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेले एक उंच गृहस्थ डबा घेऊन आलेल्या आपल्या पत्नीला म्हणाले, "डबा तेथें ठेव आणि उन्हाचें रिक्षानें जा." माझ्या हातातला खडू खाली पडला. मी धावतच गेले आणि "अय्या, तुम्ही मराठी बोलता?" असं म्हणाले, त्यावर वरचं उत्तर आलं.

प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, नाव पंचापकेशराव. तिरुवैयारूच्या देवाचं नाव पुढे आणि मराठ्यांचा 'राव' मागे. सगळं कॉलेज त्यांना 'पंचू सार' म्हणे. त्यांचं मराठी आमच्या सांगलीत फक्त जुन्या कागदपत्रांत भेटतं, आणि तिथेही ते तमिळ चालीवर कुणी वाचत नाही. 'झालं'ला ते 'जाहलें' म्हणत, 'म्हणजे'ला 'मणजे', 'सगळं'ला 'अस्कें', आणि वाक्य संपताना आवाज असा वर नेत की प्रत्येक विधान हा प्रश्न वाटावा. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मराठी लिहायचं झालं तर ते तमिळ अक्षरांत लिहीत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. भाषा तोंडात असते, अक्षर काय, कुणाचंही उसनं आणावं, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा एक आवडता सिद्धान्त होता. मूळ मराठी भाषा तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजाबरोबर तंजावूरला आली ती इथे जशीच्या तशी राहिली. तिकडे, म्हणजे आमच्याकडे, लोकांची ये-जा फार, त्यामुळे ती बिघडली. "भाषा लोणच्यासारखी, बाई. बरणी हलवूं नये. तुम्ही लोकांनीं रोज हलविली." मी म्हणायची, तुमच्या बरणीत तमिळ तेल किती पडलंय ते तरी पाहा. ते शांतपणे म्हणत, "तेल घातल्यावांचून लोणचें टिकतें काय?" प्राणिशास्त्राच्या माणसाशी वाद घालून काही उपयोग नसतो. त्यांना सगळ्या गोष्टी बरणीत घालून फळीवर ठेवायची सवय असते.

त्यांच्या पत्नी गोमतीबाई. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. पानात एकेक पदार्थ पडे आणि पंचापकेशराव विचारत, "हें तुमच्याकडे कसें करतात?" आणि मी बापडी खरं ते सांगत होते, की आमच्याकडे असं नसतं. सांबारात हे असं नसतं, गोडात ते असं नसतं. शेवटी डांगर पच्चडी आली, उडदाच्या भाजक्या पिठाची, ताकातली. मी म्हटलं, अहो, हे डांगर तर आमच्या आजीच्या हातचं. त्यांनी ताटावर हात आपटला आणि गोमतीबाईंकडे असं पाहिलं, जसा काही कोर्टात निकाल लागला. पुढचे आठ दिवस ते भेटेल त्याला तमिळमध्ये ही डांगराची बातमी सांगत होते. गोमतीबाई मला म्हणाल्या, "ह्यांस इतकीं वर्षें साक्षीदार मिळाला नव्हता. आतां तुमची सुटका नाहीं."

साक्षीदार कशासाठी हवा होता, ते मला कॉलेजच्या 'कलै विळा'ला कळलं. कलै विळा म्हणजे कलेचा उत्सव, वर्षातून एक दिवस. सकाळी भाषणं, दुपारी रांगोळ्या आणि प्रश्नमंजूषा, संध्याकाळी नाच-गाणी. पंचापकेशरावांचा मान दोन ठिकाणी असे. सकाळी त्यांचं भाषण. पत्रिकेवर विषय काहीही छापा, ते गोगलगाईपासून सुरू होऊन मराठा राजाच्या हत्तीपाशी संपे, आणि मधला प्रवास गोगलगाईच्या वेगाने होई. मुलं आळीपाळीने श्रोते होत; एक तुकडी बसे तेव्हा दुसरी उपाहारगृहात जाई. दुसरा मान संध्याकाळच्या 'भारत दर्शना'चा. एकेका राज्याचा एकेक प्रवेश: काश्मीरची कागदी नाव, पंजाबच्या उड्या, राजस्थानची मडकी. आणि महाराष्ट्र मात्र कायम पंचापकेशरावांचा. त्या दिवशी ते घरून पागोटं बांधून येत. ते बांधायला इतका वेळ लागे की गोमतीबाई त्यांना पहाटेच उठवत.

मी गेले त्या वर्षी वारं बदललं होतं. गावात घराघरांवर केबलच्या तारा आल्या होत्या, आणि कलै विळाला प्रथमच 'स्पॉन्सर' मिळाला होता, रंगीत टीव्हीचा एक दुकानदार. रंगमंचावर देवीच्या तसबिरीहून मोठा टीव्हीचा फलक लागणार होता. पंचापकेशराव म्हणाले, "पूर्वीं राजा असे, आतां स्पॉन्सर असतो. राजा निदान नाटक संपेपर्यंत बसत असे." विद्यार्थ्यांची सेक्रेटरी मालती, माझ्याच वर्गातली, हुशार आणि बेडर मुलगी. तिने केबलवर पाहून कोळीनृत्य बसवलं होतं. लुगडी, टोपल्या, कागदाचे मासे, सगळं तयार. तिने प्रिन्सिपॉलांना सांगितलं की या वर्षी महाराष्ट्र आम्ही करणार, सरांचा प्रवेश लांबतो आणि लोक उठून जातात. वेळ एकाच प्रवेशापुरता होता.

आमचे प्रिन्सिपॉल अतिशय सभ्य गृहस्थ. कुठलाही निर्णय दुसऱ्याने घ्यावा असं त्यांना मनापासून वाटे. ते म्हणाले, मॅडम त्या प्रांताच्याच आहेत, दोन्ही प्रवेश पाहून खरा महाराष्ट्र कोणता ते त्याच सांगतील, आणि जो खरा ठरेल तो यापुढे दरवर्षी राहील. मला वाटलं, पंचापकेशराव चिडतील. ते उलट इतके खूश झाले की त्यांनी स्टाफरूमला कॉफी पाजली. "आतां निकाल लागेल," ते म्हणाले.

तालीम पाहायला मी एकटी पहिल्या रांगेत बसले. आधी कोळीनृत्य झालं. पावलं थोडी चुकत होती, पण होतं ते आमच्याकडचंच. मग पडदा वर गेला आणि रंगमंचावर एक झोपाळा दिसला. झोपाळ्यावर नवरानवरी, दोघांच्या गळ्यांत हार. भोवती नऊवारीतल्या मुली गाणी म्हणत फेर धरत होत्या, रंगीत भाताचे गोळे ओवाळून चारी दिशांना टाकत होत्या, मग नवरानवरीला दूध-केळं भरवत होत्या. गाणी मराठी होती, जुनी, गोड, मी कधी न ऐकलेली. नऊवारी मात्र निराळ्या तऱ्हेची, आणि हा झोपाळ्याचा सोहळा, ज्याला तिथे 'ऊंजल' म्हणतात, तो तर मी शेजारच्या तमिळ घरातल्या लग्नात नुकताच पाहिला होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी नवरीला झोपाळ्यावर बसवून भाताचे गोळे ओवाळले नसतील.

विंगेत पंचापकेशराव हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. महाराष्ट्रात ते जन्मात कधी गेले नव्हते. त्यांच्या आजीचं, आईचं, त्यांचं स्वतःचं लग्न असंच लागलं होतं, आणि आम्ही मराठी आहोत म्हणजे मराठी लग्न असंच असतं, इतका साधा तो हिशेब होता. इतकी वर्षं ते कॉलेजला हाच महाराष्ट्र दाखवत आले होते आणि कॉलेजनेही तो निमूट पाहिला होता, कारण खरं-खोटं सांगायला तिकडचं कुणीच नव्हतं. आता होतं. मी प्रिन्सिपॉलांना म्हणाले, उद्या सांगते, आणि सरळ बसस्टॉप गाठला.

संध्याकाळी त्यांची मोपेड आमच्या दाराशी थांबली. आत येऊन ते बराच वेळ आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरविषयी बोलले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यां सांगतें म्हणालांत. सांगण्यासारखें असतें तर आजच सांगतांत. खरें काय तें मज सांगा. तुमच्या देशीं ऊंजल नाहीं?"

"नाही," मी म्हटलं.

"कोणाकडेच नाहीं?"

"मी तरी कधी पाहिला नाही."

त्यांनी मग एकेक विचारलं. अंतरपाट आहे का? आहे. मंगलाष्टकं? आहेत. रंगीत भात? नाही. दूध-केळं? नाही. 'नाही' म्हणताना माझा आवाज दर वेळी खाली जात होता. माझ्या जिवावर आलं होतं, पण त्यांना खोटं सांगायची माझी छाती होईना. शेवटी ते म्हणाले, "मणजे आम्ही मराठी म्हणून जें जें केलें, त्यांतलें अर्धें तमिळ. मग मी इतकीं वर्षें कोणास राखत होतों?" ते उठले, चपला घातल्या, आणि मोपेड सुरू न करताच ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी त्यांनीच प्रिन्सिपॉलांना सांगितलं की महाराष्ट्र मालतीचा. वर एक विनंती केली: माझं सकाळचं भाषण रद्द करा आणि तो वेळ मला संध्याकाळी द्या. प्रिन्सिपॉल तत्काळ हो म्हणाले. त्या भाषणाच्या बदल्यात कुणी वेधशाळाही मागितली असती तरी मिळाली असती. पुढचे चार दिवस पंचापकेशराव माझ्याशी हां-हूंपलीकडे बोलले नाहीत. प्राणिशास्त्राच्या लॅबचं दार बंद असे आणि आतून हसण्याचे आवाज येत. मालतीही आत जाताना दिसली. गणिताच्या तासाला ती मुलगी माझ्याकडे फार निरखून बघू लागली होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कलै विळाच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला होता. गावातली माणसं, पालक, टीव्हीवाले दुकानदार सहकुटुंब. महाराष्ट्राचं कोळीनृत्य झालं, शिट्ट्या पडल्या. सगळी राज्यं संपल्यावर निवेदन करणारा मुलगा म्हणाला, आता पंचू सारांचं भाषण. मागच्या रांगा उठायला लागल्या, तेवढ्यात पडदा वर गेला. पुन्हा तोच झोपाळा, तेच नवरानवरी. पंचापकेशराव पागोटं बांधून पुरोहित झाले होते. त्यांनी तमिळमध्ये लोकांना सांगितलं की मुलगी तंजावूरची आहे, मुलगा वरच्या देशाचा, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि मुलाची आत्या लग्नाला आली आहे. आणि आत्या आली. मालती. खांद्यावरून पदर घेतलेला, नाकावर चष्मा, आणि तो चष्मा खडूने माखलेल्या बोटाने वर सारायची माझी सवय, हुबेहूब. तिने झोपाळ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आमच्याकडे असं नसतं."

तिला मराठीतलं एवढं एकच वाक्य शिकवलं होतं. गोळे ओवाळले, आत्या म्हणाली आमच्याकडे असं नसतं. केळं आलं, आमच्याकडे असं नसतं. सनईऐवजी नादस्वरम् वाजला, आत्याने कानांवर हात ठेवले. मंडपात त्या वाक्याचा अर्थ कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, पण तिसऱ्या खेपेला सगळा मंडप आत्याच्या आधीच ते वाक्य म्हणायला लागला. माझे विद्यार्थी मागे वळून वळून माझ्याकडे बघत होते. प्रिन्सिपॉल सभ्यपणे समोर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी आधी कानकोंडी झाले, मग मलाही हसू आवरेना. टीव्हीवाल्या दुकानदाराच्या सौभाग्यवती तर डोळे पुसत होत्या. आणि एकाएकी पंचापकेशरावांनी हात वर केला. नादस्वरम् थांबला. ते आत्याकडे वळले आणि मराठीतच बोलले, सावकाश, त्यातलं कुणाला काय कळतंय याची पर्वा न करता.

"खरें आहे, आत्याबाई. तुमच्याकडे असें नसतें. लेक सासरीं धाडावी तसें तुम्ही आम्हास येथें धाडलांत आणि मग कधीं पाहावयास आलां नाहींत. आमचें कसें चाललें, कोणी पुसलें नाहीं. ह्या गावच्या लोकांनीं आम्हास आपल्या ऊंजलावर बसविलें. आम्ही बसलों. त्यांचा भात ओंवाळून घेतला, त्यांचें केळें खाल्लें, आणि गाणीं तुमचीं म्हटलीं. आतां सांगा, ह्यांत आम्ही काय टाकलें?"

मग त्यांनी तेच तमिळमध्ये सांगितलं. पुढच्या बाजूला बसलेल्या काही म्हाताऱ्या तमिळ बायकांनी आपलंच ऊंजलाचं गाणं सुरू केलं, वर मुलींनी मराठी गाणं धरलं, आणि चाल एकच निघाली. मला रडू कोसळलं. मालती विंगेतून खाली उतरून माझ्याजवळ आली, चष्मा काढून हातात धरला आणि घाबरत म्हणाली, "मिस, सारांनी सांगितलं म्हणून केलं." मी तिला जवळ घेतलं. त्या प्रवेशाला कुठल्याच राज्याच्या रकान्यात बक्षीस नव्हतं, म्हणून दुकानदाराने आपल्या खिशातून सर्वांना टीव्हीचं चित्र असलेली पेनं वाटली. पंचापकेशराव ते पेन पुढे कितीतरी दिवस मानचिन्हासारखं खिशाला लावून हिंडत होते.

पडद्यामागे मी त्यांना म्हटलं, चांगली जिरवलीत माझी. ते पागोटं सोडत होते. "तुमची नव्हे, माझी," ते म्हणाले. "तुम्ही खरें सांगितलांत तें बरें केलांत. इतकीं वर्षें मी न पाहिलेल्या गावची जाहिरात करत होतों." त्यानंतर दरवर्षी कलै विळाला महाराष्ट्र वेगळा आणि पंचू सारांचा प्रवेश वेगळा. त्याला राज्य नव्हतं, नुसतं 'तंजावूर' म्हणत. सकाळचं भाषण मात्र पुन्हा सुरू झालं. सगळंच काही मिळत नाही माणसाला.

आमची बदली झाली तेव्हा ते आणि गोमतीबाई स्टेशनवर आले होते. गाडी सुटताना त्यांनी विचारलं, तिकडे कुणी पुसलं की तंजावूरला अजून मराठी माणसं आहेत का, तर काय सांगाल? मी म्हटलं, आहेत म्हणून सांगेन. त्यांनी मान हलवली. "सांगूं नका. त्यांस म्हणा, येऊन पाहा."

मी सांगलीत पुष्कळांना सांगितलं. लोकांना मोठं कौतुक वाटे, अरे वा म्हणत, आणि विषय बदलत. काही वर्षांनी गोमतीबाईंचा फोन आला की ह्यांनी अंथरूण धरलंय. यजमान लगेच निघायचं म्हणाले. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्या कधी मिरजेपलीकडे गेल्या नव्हत्या, त्याही म्हणाल्या, इतकं सांगतेस त्यांच्याविषयी, मी पण येते. आणि त्यांच्यामागे भावजी, दोन पुतणे, असे आम्ही सगळे गाडीत बसलो.

घरात शिरलो तेव्हा ते डोळे मिटून पडले होते. हाताची नुसती काडी झाली होती. गोमतीबाईंनी त्यांना हलकेच सांगितलं, सांगलीच्या बाई आल्या आहेत, सोबत त्यांच्या घरचीं अस्कीं. त्यांनी डोळे उघडून आम्हा एकेकाकडे पाहिलं. नऊवारी नेसलेल्या जाऊबाईंवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. जाऊबाई पुढे झाल्या आणि आपल्या रांगड्या सांगली बोलीत म्हणाल्या, "कसं काय हाय, भाऊ? लई उशीर झाला आमाला यायला."

त्या बोलण्यातली एकही चूक त्यांनी काढली नाही. मला उठवून बसवा, अशी त्यांनी हाताने खूण केली. पाठीशी उशी लावून बसवल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि गोमतीबाईंकडे वळून म्हणाले, "गोमती, शेजारच्यांस सांग. आमचीं माहेरचीं माणसें आलीं."